प्लांट बंद होणार अशी चर्चा आहे, आताच राजीनामा देऊ का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. माझ्या समजुतीप्रमाणे परिस्थिती अशी आहे: तारापूर एमआयडीसीतला टॅब्लेटचा प्लांट, तुम्ही तिथे नऊ वर्षं पॅकिंगमध्ये, हुद्दा ऑफिसर, शिक्षण बी.एस्सी. केमिस्ट्री. यूएसएफडीएचं (अमेरिकेच्या औषध नियामकाचं) पत्र आल्यापासून गोळ्या पाकिटात बंद करणाऱ्या दोन ब्लिस्टर लाईन थंड आहेत, कंत्राटी कामगारांचे गेटपास पुढे वाढवलेले नाहीत. प्लांट हेडनी सगळ्यांना बोलावून ‘काळजी करू नका’ सांगितलं आणि तेव्हापासूनच काळजी जास्त वाढली. बोईसरच्या फ्लॅटचा हप्ता चालू, वडिलांचं मधुमेहाचं औषधपाणी कंपनीच्या मेडिक्लेमवर. दमणहून एक ऑफर आहे, पण पगार पाच हजारांनी कमी. तुम्ही विचारता, ‘प्लांट खरंच बंद होणार का, आणि आताच राजीनामा देऊ का?’

मी औषध कारखान्यांमध्ये क्वालिटी अ‍ॅश्युरन्सचं काम करत आले आहे, आणि प्लांट बंद होताना आतून पाहिले आहेत, एकदा तर शेवटच्या बॅचच्या कागदांवर सही होईपर्यंत. त्या अनुभवावरून सांगते, की तुमच्या दोन प्रश्नांतला पहिला तुमच्या हातात नाही, आणि त्याचं पक्कं उत्तर मिळेपर्यंत दुसरा लांबणीवर टाकायचीही गरज नाही. प्लांट चालू राहिला तरी आणि बंद झाला तरी पुढच्या काही महिन्यांत तुम्हाला जी कामं करायची आहेत ती बहुतेक सारखीच आहेत.

तरी पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण झोप त्यानेच उडाली आहे.

यूएसएफडीएचं पत्र म्हणजे प्लांट बंद, हे समीकरण बरोबर नाही. तपासणीनंतर फॉर्म ४८३ वर निरीक्षणं येतात, त्याला कामाच्या १५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. समाधान झालं नाही तर वॉर्निंग लेटर, आणि त्यापुढे इम्पोर्ट अ‍ॅलर्ट, म्हणजे त्या प्लांटचा माल अमेरिकेत उतरू न देणं. वोक्हार्टच्या वाळूज प्लांटवर मे २०१३ मध्ये आणि चिकलठाण्याच्या प्लांटवर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इम्पोर्ट अ‍ॅलर्ट आला. धक्का मोठा होता, पण म्हणून तिथे लगेच कुलूप लागलं नाही. देशातल्या बाजारासाठी आणि इतर देशांसाठी उत्पादन चालू ठेवता येतं. तेव्हा तुमच्या प्लांटचा किती माल अमेरिकेला जातो यावर बरंच अवलंबून आहे. नव्वद टक्के जात असेल तर चिंता रास्त आहे. तीस टक्के जात असेल तर दोन लाईन थंड पडणं एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

प्लांट बंद होण्याची कारणं गुणवत्तेपेक्षा पुष्कळदा दुसरीच असतात. २००३ साली केंद्राने हिमाचल आणि उत्तराखंडला उत्पादन शुल्काची सवलत दिली, आणि मुंबई-ठाण्याकडची किती उत्पादनं हिमाचलातल्या बद्दीला गेली हे आमच्या पिढीने पाहिलं आहे. त्या प्लांटमध्ये कामात काही खोट नव्हती. ठाणे-मुलुंड पट्ट्यात तर औषधांपेक्षा जमिनीला भाव आला. आता सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषध कारखान्यांसाठीची सरकारी नियमावली, आलं आहे. डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने एअर हँडलिंगपासून (आतली हवा शुद्ध ठेवण्याच्या यंत्रणेपासून) कागदपत्रांपर्यंत सगळं वरच्या दर्जाचं करायला सांगितलं. जुन्या इमारतीत तो खर्च घालायचा की उत्पादन दुसरीकडे हलवायचं, हा हिशोब अनेक कंपन्यांत मांडला जातोय. तुमच्या प्लांटची इमारत किती जुनी आहे आणि गेल्या दोन-तीन वर्षांत तिच्यावर पैसा खर्च झाला का, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आता कॅन्टीनमधली कुजबुज बाजूला ठेवा आणि स्वतःच्या टेबलावरून जाणारे कागद नीट बघा. औषधांचा कारखाना एका रात्रीत हलवता येत नाही. एखादं उत्पादन दुसऱ्या साईटवर न्यायचं तर टेक्नॉलॉजी ट्रान्स्फर होतं (उत्पादनाची पद्धत तिकडे नेली जाते), साधारणपणे तीन व्हॅलिडेशन बॅचेस, म्हणजे पद्धत नीट बसली का हे तपासणाऱ्या बॅचेस घेतल्या जातात, औषध किती टिकतं हे बघायला त्यांचे नमुने स्टॅबिलिटी चेंबरमध्ये जातात. ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहसा सहा महिने ठेवून आकडे घ्यावे लागतात. निर्यातीच्या मालाला त्या त्या देशाची मंजुरी लागते. देशातल्या मालाचं काम तुलनेने लवकर उरकतं. पण या प्रत्येक पायरीचा कागद असतो आणि तो कोणाच्या तरी हातून जातो.

तुम्ही पॅकिंगमध्ये आहात, म्हणजे सगळ्यात बोलका कागद तुमच्याच हातात येतो. आपल्याकडे स्ट्रिपवर आणि कार्टनवर उत्पादकाचं नाव-पत्ता आणि मॅन्युफॅक्चरिंग लायसन्स नंबर छापावाच लागतो. उत्पादन हललं की आर्टवर्क, म्हणजे पाकिटावरच्या छपाईचं डिझाइन, बदलतं. एका प्लांटमध्ये पॅकिंग मटेरियलच्या स्टोअरला नव्या आर्टवर्कचा शेड कार्ड, म्हणजे छपाईचा नमुना, मंजुरीला आला होता. रंग तोच, लोगो तोच, फक्त खालच्या बारीक ओळीत पत्ता दुसऱ्या राज्यातला. स्टोअरमधल्या मुलाने तो भिंगाखाली धरून मला दाखवला. पुढच्या आठवड्यात जुन्या फॉइलची ऑर्डर नेहमीच्या कितीतरी कमी किलोंची निघाली. पण इथेही घाई नको. नवा पत्ता आला म्हणजे जुना गेलाच असं नाही. कधी कधी कंपनी दुसरी साईट जादा म्हणून घेते. जुन्या आर्टवर्कवर ‘ऑब्सोलीट’चा (कालबाह्य) शिक्का पडला का, ते बघा. एका उत्पादनाचं झालं तर तो व्यापाराचा निर्णय असू शकतो. मोठ्या खपाच्या चार-पाच उत्पादनांचं एकापाठोपाठ झालं तर अर्थ स्पष्ट आहे.

क्वालिटीतल्या मित्राकडे चहाच्या वेळी सहज चौकशी करता येईल. दरवर्षी प्रत्येक उत्पादनाची निदान एक बॅच स्टॅबिलिटीला लावतात, ती यंदा लागली का? पुढच्या वर्षाचा व्हॅलिडेशन मास्टर प्लॅन (काय काय तपासायचं याचा आराखडा) मंजूर झाला का? एचव्हीएसीचं, म्हणजे वातानुकूलन यंत्रणेचं, रिक्वालिफिकेशन (पुन्हा तपासून पात्र ठरवणं), मशीनचे वार्षिक देखभाल करार पुढे वाढवले का, की ‘तूर्त थांबा’ म्हणून ठेवलेत? याउलट, टाय घातलेली माणसं टेप घेऊन मोजमाप करत फिरली याला मी फारसं महत्त्व देत नाही. ते विम्याचे किंवा बँकेचे मूल्यांकन करणारेही असू शकतात. एखादी लाईन रिकामी असणं हीसुद्धा खूण नाही, मागणीचा हंगाम असतो.

हे सगळं बघायचं ते नेहमीचं काम करताना डोळ्यांसमोर येईल तेवढंच. कागदांचे फोटो काढू नका, बॅच रेकॉर्ड (प्रत्येक बॅचच्या कामाची नोंद) घरी नेऊ नका, दुसऱ्याच्या लॉगिनने सिस्टिममध्ये डोकावू नका. अशा काळात एखाद्यावर डेटा चोरल्याचा ठपका आला तर त्याला फार्मात पुन्हा उभं राहणं अवघड जातं.

प्लांट हेडबद्दल तुम्ही रागाने लिहिलं आहे. राग समजतो. पण कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर एखादं युनिट बंद करण्याचा निर्णय ही भावावर परिणाम करणारी माहिती असते. ती आधी एक्स्चेंजला कळवावी लागते, आणि तोवर ज्यांना ठाऊक आहे त्यांचं तोंड बांधलेलं असतं. कित्येकदा प्लांट हेडलाही शेवटपर्यंत सांगत नाहीत. म्हणून त्यांना ‘बंद होणार का?’ असं विचारून उपयोग नाही. त्याऐवजी ‘सर, आमच्या लाईनचं रिक्वालिफिकेशन पुढच्या बजेटमध्ये आहे का? तसं माणसांचं प्लॅनिंग करता येईल,’ असं विचारा. याला खरं उत्तर देणं त्यांना शक्य असतं, आणि उत्तर टाळलं तर तेही कळतं. बीएसई-एनएसईच्या साईटवर कंपनीच्या घोषणा कोणालाही वाचता येतात. त्या आठवड्यातून एकदा बघा.

आता राजीनाम्याकडे येते. त्यासाठी कायदा थोडा समजून घ्यायला हवा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. पूर्वी १०० किंवा जास्त कामगार असलेला कारखाना बंद करायला सरकारची आधी परवानगी लागायची. आता ती मर्यादा ३०० झाली आहे. ३०० किंवा जास्त कामगार असतील तर बंद करण्याच्या किमान ९० दिवस आधी अर्ज करावा लागतो, आणि ६० दिवसांत सरकारने काही कळवलं नाही तर परवानगी मिळाली असं धरतात. ५० ते ३०० मधल्या कारखान्याला परवानगी लागत नाही, पण ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगाराला दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई मिळते. मालकाच्या हाताबाहेरच्या, टाळता न येण्याजोग्या कारणाने कारखाना बंद झाला तर ही भरपाई तीन महिन्यांच्या वेतनापर्यंत मर्यादित होऊ शकते. मात्र नुसती आर्थिक अडचण किंवा तोटा हे तसं कारण धरत नाहीत. कोणी ‘कंपनी तोट्यात आहे, तीन महिन्यांच्या वर मिळणार नाही’ म्हणालं तर मान डोलावू नका.

पण हे सगळं ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांसाठी आहे, आणि तुमची खरी अडचण इथे आहे. पत्रावर ऑफिसर लिहिलंय म्हणून तुम्ही आपोआप बाहेर पडत नाही. प्रत्यक्ष काम काय करता ते बघितलं जातं. स्वतः मशीन चालवणं, तांत्रिक काम करणं हे व्याख्येत येतं. पण तुम्ही मुख्यतः देखरेख करत असाल, माणसं लाईनवर लावत असाल, रजा मंजूर करत असाल, आणि वेतन महिना १८,००० च्या वर असेल, तर तुम्ही बाहेर. तुम्ही लिहिलेल्या कामावरून मला तुमची बाजू कच्ची वाटते. म्हणजे तुमच्या लाईनवरच्या कायम ऑपरेटरला कायद्याने जे मिळेल ते तुम्हाला मिळेलच असं नाही. त्याच्या पाठीशी बहुधा युनियनही असते. ऑफिसर मंडळींचे या बाबतीत फार हाल होतात, आणि ती शेवटच्या दिवसापर्यंत ‘सगळ्यांना मिळेल ते आपल्यालाही मिळेल’ या समजुतीत राहतात. नेमणूकपत्रातली नोटीस आणि कंपनीची इच्छा, एवढंच तुमच्या हातात असू शकतं. एखाद्या कामगार कायद्याच्या वकिलाला नेमणूकपत्र आणि कामाचं स्वरूप दाखवून घ्या. पालघर-ठाण्यात असे वकील आहेत, आणि त्यांची फी या वेळी वाया जात नाही.

ग्रॅच्युइटीचं वेगळं आहे. तिला कामगार-ऑफिसर भेद नाही. पाच वर्षं झालेली आहेत, त्यामुळे राजीनामा दिला तरी ती बुडत नाही. तुमचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून २६,००० लिहिलंय. त्याला २६ ने भागून १५ ने गुणलं की १५,००० आणि गुणिले नऊ वर्षं, म्हणजे १,३५,०००. ही रक्कम दोन्हीकडे तुमचीच आहे, तेव्हा निर्णय घेताना ती मधे आणू नका. राजीनाम्याने बुडते ती फक्त बंदची भरपाई. नऊ वर्षांचे १३५ दिवस, म्हणजे साडेचार महिन्यांचं वेतन, त्याच २६,००० वर धरलं तर १,१७,००० च्या आसपास, आणि तीही तुम्ही कामगार ठरलात तरच. कंपनीने कायद्यापेक्षा चांगली स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली तर आकडा वाढेल. जमिनीला भाव असेल आणि युनियन बळकट असेल तिथे असं होतं, पण ऑफिसरांना त्यात घेतील याची खात्री नाही.

तेव्हा दमणच्या ऑफरचं काय? पाच हजार कमी म्हणजे वर्षाला साठ हजार, वर रोजचं जाणं-येणं किंवा तिथे खोली. नुसत्या भीतीने ही ऑफर घ्यावी असं मला वाटत नाही. पण तिथलं काम तुम्हाला पुढे नेणारं असेल, सिरियलायझेशनची (प्रत्येक पाकिटावर वेगळा क्रमांक छापणारी) लाईन असेल, प्लांट नवा असेल, तर १,१७,००० च्या अनिश्चित आशेवर थांबू नका. मी तुमच्या जागी असते तर त्यांच्याकडे पगाराबद्दल पुन्हा एकदा बोलले असते आणि आणखी दोन ठिकाणी अर्ज टाकले असते. नोकरीवर असताना शोधणाऱ्याला मिळणारा भाव वेगळा असतो. प्लांट बंद झाल्याची बातमी पसरली की एकाच एमआयडीसीत शेकडो अर्ज एकदम फिरू लागतात.

हातात दुसरं नेमणूकपत्र नसताना मात्र राजीनाम्याच्या कागदावर सही करू नका, कोणीही कितीही गोड बोललं तरी. बंद करण्याआधी ‘तुम्ही राजीनामा द्या, सर्टिफिकेटवर चांगलं दिसेल’ असं एकेकाला केबिनमध्ये बोलावून सांगितलं जातं. अशा वेळी कागद वाचायला घरी मागा, दोन दिवस मागा. बदलीचं पत्र आलं तर तेही लगेच नाकारू नका आणि लगेच स्वीकारूही नका. नेमणूकपत्रात कुठेही बदली करण्याची अट आहे का ते आधी बघा, कारण तशी अट असताना नाकारलं तर तेच तुमच्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं.

ऑफर घ्या किंवा थांबा, या महिन्यात काही कामं कराच. पीएफच्या खात्यावर नाव, जन्मतारीख, रुजू होण्याची तारीख आधारशी जुळते का तपासा. चूक असेल तर दुरुस्तीला कंपनीची मंजुरी लागू शकते, आणि प्लांट बंद झाल्यावर ती द्यायला एचआरमध्ये माणूस सापडत नाही. लोक त्यापायी महिनोन् महिने हेलपाटे घालताना मी पाहिले आहेत. नोकरी बदललीत तर पीएफ काढू नका, वर्ग करून घ्या. पेन्शनला दहा वर्षं लागतात आणि तुमची नऊ झाली आहेत. सगळ्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, बढतीची पत्रं स्वतःच्या मेलवर ठेवा. ती तुमचीच आहेत.

तुम्ही आपल्या राज्याच्या एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासनाच्या) अ‍ॅप्रूव्ड केमिस्टच्या (औषधनिर्मितीवर देखरेखीसाठी मंजूर झालेल्या तज्ज्ञांच्या) यादीत आहात का, हे लिहिलेलं नाही. बी.एस्सी. केमिस्ट्री आणि नऊ वर्षं, म्हणजे बहुधा पात्र असाल. मॅन्युफॅक्चरिंगमध्ये मंजुरी झाली असेल तर त्या पत्राची प्रत मिळवा. झाली नसेल तर प्लांट चालू आहे तोवर अर्ज पुढे पाठवायला सांगा. छोट्या-मध्यम कंपन्यांना लायसन्ससाठी असा माणूस हवाच असतो, आणि तिथे त्या एका कागदाने तुमची बाजू जड होते. बायोडेटात ‘पॅकिंग ऑफिसर, ९ वर्षं’ एवढंच लिहू नका. कोणत्या ब्लिस्टर आणि कार्टनिंग मशीनवर काम केलं, चेंजओव्हर (एका उत्पादनावरून दुसऱ्यावर लाईन नेणं) किती वेळात बसवत होता, किती डेव्हिएशनचा (ठरलेल्या पद्धतीपासून झालेल्या फरकाचा) तपास स्वतः लिहिला, कोणत्या ऑडिटला समोर उभे होता, ते लिहा.

वडिलांच्या मेडिक्लेमचं काम सगळ्यात आधी करा. कंपनीचं ग्रुप कव्हर नोकरी संपली की संपतं, आणि मधुमेह असलेल्या माणसाला नवी पॉलिसी घेताना आधीच्या आजारासाठी थांबावं लागतं. ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, पण त्यासाठी कव्हर चालू असतानाच अर्ज करायचा असतो. एचआरकडून विमा कंपनीचा नंबर घ्या आणि याच आठवड्यात विचारा.

कंत्राटी मुलांबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंय, पण सगळ्यात आधी आणि सगळ्यात गुपचूप जातात ते तेच. त्यांना कोणी काही सांगत नाही. ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) वर्गणी भरलेल्या माणसाला कारखाना बंद पडून काम गेलं तर अटींवर बेकारी भत्ता मिळायची तरतूद आहे. ठेकेदाराने त्यांचा पीएफ खरंच भरला का हे मोबाईलवर बघता येतं. तुमच्या लाईनवर जी मुलं होती त्यांना एवढं दाखवून द्या. तुमची दहा मिनिटं जातील, त्यांचा अडलेला पैसा सुटेल.

आणि कामाबद्दल. प्लांट डळमळीत झाला की चुका वाढतात. लाईन क्लिअरन्सला, म्हणजे मागच्या बॅचचं काही लाईनवर उरलं नाही ना या तपासणीला, नुसती नजर टाकून सही होते, मागच्या बॅचची एखादी स्ट्रिप कन्व्हेअरखाली राहते. ती स्ट्रिप ज्याच्या हातात पडेल त्याला तुमच्या प्लांटची परिस्थिती माहीत नसते. एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या रक्तदाबाच्या गोळीच्या जागी दुसरंच काही गेलं तर? शिवाय बॅच रेकॉर्ड एक्स्पायरीनंतरही किमान वर्षभर ठेवावे लागतात. प्लांट बंद झाला तरी तुमची सही कपाटात राहते आणि तक्रार आली की उघडली जाते. शेवटच्या बॅचचा क्लिअरन्स पहिल्या बॅचसारखाच करा, आणि लाईनवरच्या मुलांकडूनही करून घ्या.

रात्री दोन वाजता कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणाऱ्या बातम्या वाचत बसता असं लिहिलंय. तो ग्रुप म्यूट करा आणि दिवसातून एकदाच उघडा. घरी बायकोला अजून सांगितलेलं नाही, हे मला सगळ्यात जास्त खटकलं. तिला आज सांगा, आकड्यांसकट. हप्ता किती, हातात किती, किती महिने निघतील, हे दोघांनी कागदावर मांडलं की निम्मी भीती मोजता येण्याजोगी होते. झोप पंधरा दिवसांहून जास्त बिघडलेली असेल, छातीत धडधड होत असेल, तर टेलिमानसच्या १४४१६ या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी नंबरवर फोन करा. फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. प्लांटमधले पुरुष हे करायला लाजतात. तुम्ही लाजू नका.

थोडक्यात, आर्टवर्क आणि स्टॅबिलिटी बघा, नवं पत्र हातात आल्याशिवाय सही नको, विमा आणि पीएफ आधी. मला तीन गोष्टी कळवल्यात तर आणखी नेमकं सांगता येईल: कायम कामगार किती आहेत, नेमणूकपत्रात बदलीची अट कोणत्या शब्दांत आहे, आणि अमेरिकेला किती टक्के माल जातो. कंपनीचं नाव लिहू नका, त्याची गरज नाही.